गहू, पोट आणि ‘सुटत नाही’ ही तक्रार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गहू सोडू का?’ या एका प्रश्नाच्या मागे बरेच प्रश्न दडलेले असतात. पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जे दुसरीकडे सविस्तर आलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गहू सोडायचं ज्यांनी आधीच ठरवून टाकलंय, त्यांनी निदान प्र. ४ वाचून मग सोडावा.

१. गव्हात असं काय असतं की ज्याने पोटाला त्रास व्हावा?

सगळ्यांना ग्लुटेन माहीत असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो याचाच. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्यात एकमेकांना धरतात आणि जाळी बनते. ग्लायडिनचे काही तुकडे आपल्या पाचकरसांनी पुरते तुटत नाहीत. बहुतेकांच्या पोटात त्याने काही बिघडत नाही, काहींच्या बिघडतं.

पण गव्हात आणखी दोन गोष्टी असतात आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. एक म्हणजे फ्रुक्टान, ही साखरेच्या रेणूंची साखळी. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि गॅस करते. दुसरी म्हणजे एटीआय नावाची प्रथिनं, जी दाण्याला किडीपासून वाचवतात. ती आतड्यातल्या रोगप्रतिकार यंत्रणेला डिवचू शकतात, असं जर्मनीतल्या माइन्झच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. तेव्हा ‘पोळीने त्रास होतो’ हे अगदी खरं असलं, तरी तो त्रास ग्लुटेनचाच असेल असं नाही. हा धागा प्र. ६ मध्ये पुढे नेला आहे.

२. सिलिॲक, गव्हाची ॲलर्जी, ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी… सगळं एकच ना?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते.

सिलिॲकमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लुटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्न शोषणारी तिथली बारीक लव झिजते. जुलाब आणि खंगणं ही पुस्तकी लक्षणं झाली. मोठ्या माणसांत पोट ठणठणीत असतानाही हा आजार असू शकतो. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, तोंड सारखं येतं, मूल उंचीला वाढत नाही, अशी त्याची रूपं असतात. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा हाशिमोटो हा आजार असेल, तर शक्यता जास्त. गहूच कारण आहे हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला होता आणि त्या उपासमारीतही त्यांचे हे बालरुग्ण सुधारत होते.

ॲलर्जी वेगळी. गहू पोटात गेल्यावर मिनिटांत किंवा एकदोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, दम लागतो. तिचा एक विचित्र प्रकार आहे: नुसती पोळी खाल्ली तर काही नाही, नुसतं धावलं तरी काही नाही, पण पोळी खाऊन थोड्या वेळाने धावलं की अंगभर गांध्या उठतात आणि कधी रक्तदाब कोसळतो. असं एकदा जरी झालं असेल तरी ॲलर्जीतज्ज्ञ गाठा. यात घरगुती प्रयोग नकोत.

हे दोन्ही नाहीत, तरी गव्हाने त्रास होतो आणि सोडला की बरं वाटतं, अशा मंडळींना ‘सेन्सिटिव्हिटी’ हे नाव मिळतं. त्याची रक्ततपासणी नाही. बाकी सगळं वगळल्यावर जे उरतं ते हे.

३. सिलिॲक हा पंजाब-हरियाणाकडचा आजार. आपल्याकडे कशाला बघायचा?

उत्तरेत तो जास्त आहे, हे खरं. भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या रक्ततपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिलिॲकची प्रतिद्रव्यं सापडली ती उत्तरेत हजारी बाराजणांत, ईशान्येत नऊच्या आसपास, दक्षिणेत एकात. गंमत अशी की आजाराला पोषक जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच होती. उत्तर आणि दक्षिण यांत मोठा फरक होता तो रोज किती गहू पोटात जातो याचा.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधे आहे आणि सरकतो आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कोकणात भात हेच रोजचं जेवण होतं. पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. पीएल-४८० कराराचा अमेरिकन गहू, मग हरितक्रांती, मग रेशन, असं करत गहू रोजच्या ताटात आला. आता सकाळी चहाबरोबर बिस्किट, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव, रात्री पुन्हा पोळी. इतका गहू रोज खाणाऱ्यांच्या प्रदेशात ‘आपल्याकडे नसतो’ म्हणून तपासणी टाळणं बरोबर नाही.

४. गहू बंद केला आणि बरं वाटलं. मग तपासणी कशाला हवी?

कारण नंतर ती करता येत नाही, निदान नीट तरी नाही. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी (तिच्याबरोबर एकूण आयजीए पाहतात) आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोन्हींत आजार दिसायचा तर गहू पोटात जात असावा लागतो. सोडला की प्रतिद्रव्यं उतरतात, लव भरून येते आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. आधीच सोडला असेल तर तपासणीसाठी पुन्हा सुरू करावा लागतो: रोज एकाहून अधिक जेवणांत, किमान सहा आठवडे. सोडून बरं वाटलेल्या माणसाला हे सांगताना जिवावर येतं.

फरक काय पडतो? सिलिॲक असेल तर नियम जन्मभराचा आणि कणभरही चालत नाही (प्र. १७). शिवाय आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी लागते. नसेल तर रविवारी पुरणपोळी खायला कुणाची हरकत नाही. हे दोन अगदी वेगळे जन्म आहेत आणि त्यांतला आपला कोणता, हे अंदाजाने ठरवू नये.

जनुकीय चाचणी गहू सोडल्यावरही करता येते. ती नकारार्थी आली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच. होकारार्थी आली तर मात्र फार काही सिद्ध होत नाही. ही जनुकं सुमारे तीस-चाळीस टक्के लोकांत असतात आणि आजार त्यांतल्या मोजक्यांनाच होतो.

५. लॅबवाले शंभर-दोनशे पदार्थांचं ‘फूड इनटॉलरन्स पॅनेल’ देतात. त्यात गहू लाल आला.

ते पॅनेल बहुधा आयजीजी प्रतिद्रव्यं मोजतं. आपण जे वारंवार खातो त्याची आयजीजी शरीरात सापडतेच. रोज पोळी खाणाऱ्याच्या अहवालात गहू लाल येणं म्हणजे तो रोज पोळी खातो, एवढंच. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. तेवढ्या पैशांत टीटीजी करून वर घरात महिन्याची ज्वारी भरता येईल.

६. सिलिॲक नाही निघाला. तरी पोळी खाल्ली की पोट नगाऱ्यासारखं होतं. मग दोषी कोण?

बऱ्याचदा फ्रुक्टान. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात हे कोडं सुटत गेलं. तिथल्याच गटाने २०११ मध्ये ‘सिलिॲक नसलेल्यांनाही ग्लुटेनने त्रास होतो’ असं दाखवलं होतं. मग त्यांनी प्रयोग आणखी कडक केला. २०१३ मध्ये ३७ जणांना आधी गॅस करणाऱ्या सगळ्या शर्करा काढलेला आहार दिला. सगळे सुधारले. मग कुणाला नकळत ग्लुटेन दिलं, कुणाला नाही. ग्लुटेनचाच म्हणावा असा त्रास जेमतेम आठ टक्क्यांना झाला. आपलाच आधीचा निष्कर्ष असा खोडून काढणारे संशोधक विरळा.

२०१८ मध्ये ओस्लोत ५९ जणांना एकसारख्या दिसणाऱ्या वड्या दिल्या: एक ग्लुटेनची, एक फ्रुक्टानची, एक कशाचीच नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने झाल्याचं २४ जणांनी सांगितलं, ग्लुटेनच्या वडीने १३ जणांनी. आणि २२ जणांना सर्वांत वाईट वाटलं ते कशाच्याच नसलेल्या वडीने. यावर हसू नये. ‘आता त्रास होणार’ ही धास्ती आतड्यापर्यंत पोचते. पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची थेट तार आहे.

आता आपल्या ताटाकडे या. फ्रुक्टान कांदा-लसणातही भरपूर असतं. पोळी सोडून भाकरीवर आलेला माणूस भाकरीबरोबर फोडलेला कांदा आणि लसणाचा ठेचा खातो आणि ‘गहू सोडूनही फरक नाही’ म्हणतो. पुरणपोळीने जड होतं त्यात कणकेइतकाच हरभऱ्याच्या डाळीचा हात असतो, कारण डाळीतही आंबणाऱ्या शर्करा असतात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांतल्या कुणाला ‘या दिवसांत पोट हलकं असतं’ असं जाणवत असेल, तर ती महत्त्वाची खूण आहे.

करून बघायचं असेल तर दोन-तीन आठवडे गहू, कांदा, लसूण तिन्ही कमी करा आणि मग एकेक परत आणा. हा प्रयोग काही आठवड्यांचा आहे, कायमचा नाही. शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीने करा, आणि प्र. ४ मधली तपासणी झाल्यावरच.

७. गव्हाने आतड्याला भोकं पडतात, ‘लीकी गट’ होतं, असं व्हिडिओत सांगतात.

भोकं नाहीत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये सांधे असतात आणि ते गरजेप्रमाणे सैल-घट्ट होतात. सन २००० मध्ये अलेसिओ फसानो यांच्या गटाने या सांध्यांना सैल करणारं झोन्युलिन मानवी शरीरात दाखवलं आणि पुढे ग्लायडिनमुळे ते स्रवतं हेही दाखवलं. इथवर पक्कं. सिलिॲकमध्ये हे सैलावणं मोठं असतं आणि टिकतं. निरोगी आतड्यात ते थोडं होतं आणि ओसरतं. त्यावरून थकव्यापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याचं खापर पोळीवर फोडणं ही मधल्या दहा पायऱ्या गाळून मारलेली उडी आहे. सांधे घट्ट ठेवणारं लाराझोटाइड हे औषध सिलिॲकसाठी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेलं, पण अपेक्षित फायदा दिसेना म्हणून २०२२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. ज्या आजारात हा सिद्धान्त सर्वांत भक्कम, तिथेही गोष्ट इतकी सरळ निघाली नाही.

८. गव्हात अफूसारखं द्रव्य असतं, म्हणून त्याचं व्यसन लागतं. खरं का?

या दाव्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे. १९७९ मध्ये झिऊद्रू, स्ट्रीटी आणि क्ले या अमेरिकेतल्या संशोधकांनी गव्हाचं ग्लुटेन पेप्सिन या पाचकरसाने तोडलं, तेव्हा त्यात अफूच्या ग्राहींवर (पेशींवरच्या ज्या जागी अफू जाऊन बसते तिथे) बसणारे छोटे तुकडे सापडले. बाहेरून आलेले म्हणून त्यांना ‘एक्सॉर्फिन’ म्हटलं. अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन त्यांचाही परिणाम उतरवत होतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका हृदयरोगतज्ज्ञाच्या खपाऊ पुस्तकाने हे घरोघरी नेलं आणि तिथून ते आपल्या व्हॉट्सॲपवर उतरलं.

वाटेत काय गळलं ते सांगतो. पहिलं: हे सगळं प्रयोगशाळेतल्या काचपात्रात झालं. दुसरं: असेच तुकडे दुधाच्या केसिनमध्येही त्याच शोधनिबंधात सापडले होते, पण ताकाचं व्यसन लागल्याची तक्रार कुणी करत नाही. तिसरं, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं: अफूच्या ग्राहीवर बसणं आणि नशा येणं यांत अंतर आहे. जुलाब थांबवायला घेतात ती लोपरामाइडची गोळी आतड्यातल्या त्याच ग्राहींवर बसते, पण नेहमीच्या मात्रेत मेंदूत शिरत नाही. आतडं मंदावतं, डोकं जागेवर राहतं. गव्हाचे तुकडे मेंदूवर काम करतात हे म्हणायचं, तर ते आतड्यातून सलग पार होऊन रक्तात पुरेशा प्रमाणात टिकतात आणि मेंदूच्या कुंपणापलीकडे पोचतात, हे माणसात दाखवावं लागेल. तसं दाखवलेलं नाही.

नॅलोक्सोन दिल्यावर बिंज करणाऱ्यांचं (ताबा सुटून एका बैठकीत खूप खाणाऱ्यांचं) खाणं कमी झालं, हा प्रयोगही पुरावा म्हणून सांगतात. तो खरा आहे, पण त्यात कमी झालं ते गोड आणि तुपकट पदार्थांचं खाणं. आपला मेंदू चविष्ट घासाला स्वतःची अफूसदृश द्रव्यं सोडतो आणि औषध त्यांना अडवतं. त्यासाठी गव्हाची गरज नाही.

९. पण मला खारी, बिस्किट, पाव खरंच सुटत नाहीत. हा भास आहे का?

भास अजिबात नाही. फक्त बोट चुकीच्या दाण्याकडे आहे. रात्री अकराला उठून कोरडी पोळी, बरोबर काहीही न घेता, एकामागून एक खाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याच वेळी खारीचा पुडा उघडून ‘दोनच’ म्हणत तळ गाठणारे घरोघरी आहेत. गहू दोन्हीत आहे. खारीत शिवाय मैदा, भरपूर वनस्पती तूप आणि मीठ आहे, आणि ती चावावी लागत नाही, विरघळते.

२०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठात ३५ पदार्थांबद्दल विचारलं गेलं: यातल्या कशावरचा ताबा सुटतो? गुणांत पिझ्झा सर्वांत वर आला, काकडी सर्वांत खाली. वरच्या ओळीत चॉकलेट, चिप्स, कुकीज, आइस्क्रीम. यांतल्या चिप्स बटाट्याच्या, आइस्क्रीम दुधाचं. सगळ्यांत मिळून समान काय, तर झटपट पचणारं पिष्ट किंवा साखर, चरबी आणि प्रक्रिया. गहू समान नाही.

मग २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू जुळवलेले, खा हवं तेवढं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, घासही भराभर गिळत होती आणि दोन आठवड्यांत साधारण ०.९ किलोने वाढली.

वडापावचं गणित यावरून लावा. मऊ पाव, तळलेला बटाटा, खारट-तिखट चटणी, चार मिनिटांत संपणारा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला मिळेपर्यंत दुसरा हातात असतो. तल्लफ येते ती या जुळणीची. म्हणून पोळी सोडून ‘ग्लुटेन-फ्री कुकीज’ आणणाऱ्यांचं काही सुटत नाही, फक्त बिल वाढतं.

१०. ‘अन्नाचं व्यसन’ हा डॉक्टर मानतात असा आजार आहे का?

मानसोपचाराच्या अधिकृत अमेरिकन सूचीत ‘अन्नाचं व्यसन’ नाही. ‘बिंज ईटिंग’ मात्र २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून आहे. मोजमापासाठी येल विद्यापीठात २००९ मध्ये तयार झालेली प्रश्नावली संशोधनात वापरतात. तिच्यातले प्रश्न दारूच्या व्यसनाच्या निकषांवर बेतलेले आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त खाणं, त्रास होतोय हे कळूनही न थांबणं, त्यापायी कामं-माणसं टाळणं.

स्वतःला विचारायचं तर एवढं विचारा. भूक नसताना, एकट्याने, लपून, पोट दुखेपर्यंत खाणं आठवड्यातून एकदा तरी होतं का? नंतर स्वतःची किळस वाटते का? तीन महिने असं चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. याला उपचार आहेत. आणि इथे एक धोका आहे: अशा माणसाने ‘गहू कायमचा बंद’ असा कडक नियम लावला, तर नियम मोडल्याच्या दिवशी बिंज आणखी मोठं होतं. बंदी जितकी कडक, तितका उसळून येणारा घास मोठा.

११. गहू बंद केल्यावर चार दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. हे विथड्रॉवलच ना?

गव्हाबरोबर आणखी काय सुटलं ते आधी बघा. बिस्किट गेलं तर दोन वेळचा चहाही बऱ्याचदा जातो, आणि कॅफिन अचानक तोडलं की डोकं दुखतंच. पोळी काढून तिच्या जागी काहीच न ठेवलं, तर पिष्ट निम्म्यावर येतं आणि अंगातलं पाणी-मीठ कमी होतं. पोळीच्या जागी तेवढीच भाकरी ठेवून बघा. डोकं शांत राहिलं तर उत्तर मिळालं. अफूच्या तर्काबद्दल प्र. ८.

१२. गहू सोडून माझं वजन उतरलं. मग गहूच वाढवत होता ना?

गव्हाबरोबर समोसा, केक, पाव, बिस्किट, पिझ्झा, शंकरपाळे सगळं गेलं. एवढं सोडल्यावर न उतरलं तरच नवल.

१३. पूर्वीचा देशी गहू चांगला होता. आताच्या हायब्रिड, जीएम गव्हाने हे रोग आणले.

भारतात जीएम गहू विकला जात नाही. आणि दुकानात मिळणारा गहू सहसा हायब्रिडही नाही, तो सुधारित वाण आहे. शेतकरी त्याचं बी घरचं ठेवू शकतो. १९६६ मध्ये मेक्सिकोतून आलेल्या सोनोरा-६४, लर्मा रोहो या बुटक्या वाणांनी पीक बदललं, हे खरं. ग्लुटेन वाढलं का? जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातले साठ वाण पुन्हा पेरून तपासले, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. ग्लायडिन उलट थोडं घटलं होतं आणि एकूण ग्लुटेन तेवढंच होतं.

जाता जाता: आपण ‘जुना, देशी’ म्हणून मागतो तो लोकवन म्हणजे गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत काढलेला लोक-१. सुधारित वाणच तो.

बदललं ते दळणं आणि खाणं. दाणा तोच, पण त्याचा कोंडा आणि अंकुर काढून मैदा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या वर तंतू आहेत, मैद्यात तीनहून कमी.

१४. मग खपली गहू? त्यात ग्लुटेन नसतं म्हणतात.

असतं. खपलीत ग्लुटेन आहे आणि सिलिॲकवाल्यांना ती पूर्ण वर्ज्य आहे. हे ठळक सांगावं लागतं, कारण विक्रेते नेमकं उलट सांगतात. नेहमीच्या गव्हाला ४२ गुणसूत्रं, खपलीला २८. जे गुणसूत्र-संच तिच्यात नाहीत, त्यांवरचा ग्लायडिनचा एक कुप्रसिद्ध, अजिबात न तुटणारा तुकडा तिच्यात नसतो. बाकीचे त्रासदायक तुकडे असतात. सिलिॲक नसणाऱ्याला खपलीच्या लापशीने हलकं वाटत असेल तर खुशाल खावी. सांगली-सातारा भागात खपलीच्या खिरीची चव निराळीच.

१५. सगळं सोडून भाकरीवर आलं तर पोटाला बरं?

ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नाही आणि तंतू दहा ग्रॅमच्या वर आहेत, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या बरोबरीने. सोडायला हरकत काहीच नाही. फक्त ‘सोडलं’ म्हणजे कशावर गेलात ते पाहा. पोळीच्या जागी भाकरी आली तर पोटातल्या जिवाणूंचं भागतं. पोळीच्या जागी भात आणि मक्याच्या पिठाची बिस्किटं आली तर ते उपाशी राहतात. स्पेनमध्ये २००९ मध्ये दहा निरोगी माणसांना महिनाभर ग्लुटेनमुक्त आहार दिला, तेव्हा बिफिडोबॅक्टेरियासारखे उपकारक जिवाणू घटले. कारण सरळ होतं: गव्हाबरोबर जिवाणूंचं खाद्यही गेलं.

इरिटेबल बॉवेल (आतड्यात दोष दिसत नाही, तरी पोट सारखं बिघडतं) असणाऱ्यांनी कोंडा वरून मिसळून खाण्याची घाई करू नये. जाड कोंड्याने काहींचा मुरडा वाढतो. इसबगोल सौम्य पडतो.

१६. आंबवलेल्या पावाने त्रास कमी होतो का? गोव्याची पोई मला चालते, शहरातला स्लाइस ब्रेड नाही.

असं होऊ शकतं. पीठ तासन्‌तास आंबलं की यीस्ट आणि जिवाणू त्यातलं बरंचसं फ्रुक्टान खाऊन टाकतात. चार तासांहून जास्त आंबवलेल्या पिठात ते फार घटलेलं आढळलं आहे. जुने पोदेर (गोव्यातले पाववाले) माडाच्या सुरेवर पीठ आंबवायचे आणि पोईत कोंडाही असतो. घाईच्या कारखान्यात पीठ तेवढं थांबत नाही. अर्थात आज प्रत्येक पोई रात्रभर आंबलेली असते असं नाही, तेव्हा पोदेरालाच विचारा. सिलिॲक असेल तर पोई नाही, सावरडो (आंबट विरजणाने सावकाश आंबवलेला पाव) नाही, काहीच नाही.

१७. सिलिॲक आहे. पोळी कधीच बंद केली, तरी टीटीजी उतरत नाही. चुकतंय कुठे?

पहिला संशय गिरणीवर. गव्हाचं दळण होऊन गेलेल्या जात्यातच तुमची ज्वारी पडली, तर पहिल्या एकदोन किलोत गहू आलाच. वेगळं जातं असलं तरी वरची चाळण, सुपडं, उडणारं पीठ एकच असतं. दिवसाला सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेनने आतड्याला इजा होते असं चाचणीत दिसलं आहे, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे चिमूटभर पीठ पुरे. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका.

दुसरा संशय हिंगावर. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. रोजच्या फोडणीतून तो रोज पोटात जातो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, वेष्टन वाचून घ्या. मग येतात रवा, शेवया, दलिया, सातूचं पीठ (जव असतील तर त्यातही ग्लुटेन असतंच), माल्टची पेयं, सोया सॉस, बिअर, घट्टपणासाठी मैदा लावलेल्या हॉटेलच्या ग्रेव्ह्या. एकाच तेलात तळलेली भजी आणि समोसे. पोळपाट-लाटणं. पोळीच्याच तव्यावरची भाकरी. ओट्स मुळात वेगळे, पण गव्हाबरोबर दळले-भरले जातात, तेव्हा ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलेच घ्या. भारतात हे लेबल किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच लावता येतं.

आणि लग्नकार्यात ‘एवढ्याशा प्रसादाने काय होतंय’ म्हणणाऱ्या मावशी-काकूंना सांगा: होतं.

१८. मग उपवासाचे पदार्थ सिलिॲकला अगदी योग्य?

भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लुटेन नाही, एकादशीची फडताळं म्हणजे तयार ग्लुटेनमुक्त दुकान. अडचण पुन्हा दळणाची (प्र. १७). सुटं राजगिरा पीठ न घेता दाणे आणून घरी दळा. साबुदाण्यावर मात्र आठवडा काढू नका, त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं.

१९. बाळाला गहू उशिरा दिला तर पुढे त्रास होणार नाही ना?

उशीर करून सिलिॲक टळत नाही, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. सहा महिन्यांनंतर मऊ भात, नाचणी सत्त्व यांच्याबरोबर गव्हाचं सत्त्वही थोडंथोडं देता येतं. आईवडिलांपैकी कुणाला सिलिॲक असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधी सांगा.

२०. स्वमग्न मुलाला गहू-दूध बंद करायला सांगितलंय. करू का?

या सल्ल्याचं मूळ प्र. ८ मधल्या एक्सॉर्फिन-तर्कातच आहे. आजवरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांतून ठाम फायदा दिसलेला नाही. बऱ्याच स्वमग्न मुलांचे चालणारे पदार्थ आधीच मोजके असतात. त्यातून पोळी आणि दूध काढलं तर कॅल्शियम, प्रथिनं कुठून येणार? मुलाला बद्धकोष्ठ किंवा जुलाब असतील तर तो स्वतंत्र प्रश्न धरून तपासा, सिलिॲकसकट.

२१. बुलढाण्यात रेशनच्या गव्हाने केस गळले. तोही ग्लुटेनचाच परिणाम?

नाही. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव परिसरात झालेल्या केसगळतीबाबत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम मातीतून दाण्यात येतं. त्याचा ग्लुटेनशी किंवा या पानावरच्या इतर कशाशी संबंध नाही.

२२. मी गोव्याची, कॅथलिक. सिलिॲक निघाला. मिस्सेला होस्त घेऊ शकते का?

नेहमीची होस्त (मिस्सेत कम्युनियन म्हणून दिली जाणारी पातळ चकती) गव्हाचीच असते, तेव्हा ती नको. पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्त व्हॅटिकनला मान्य नाही, हे २००३ च्या पत्रात स्पष्ट केलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं. अगदी कमी ग्लुटेनची, गव्हापासूनच केलेली होस्त मात्र चालते. ती वेगळ्या डबीत, वेगळ्या हाताने द्यायला सांगा, नाहीतर थाळीत शेजारच्या होस्तीचा चुरा लागतोच. तीही सोसत नसेल तर केवळ द्राक्षारसाने कम्युनियन घेण्याची मुभा आहे. अशा वेळी कप वेगळा हवा, कारण मुख्य कपात होस्तीचा तुकडा टाकलेला असतो. आपल्या पाद्रींशी रविवारच्या गडबडीत नको, आधी एखाद्या दिवशी जाऊन बोला.